स्वेच्छेने सोडलेल्या नोकरीचे फळ

विघ्ने दूर करणाऱ्या श्रीगजाननाला आणि वाणीची अधिष्ठात्री श्रीशारदा हिला प्रथम वंदन करतो. निमित्त लहान आहे. नवऱ्याच्या बदलीपायी माझ्या सूनबाईंनी बहरीनमधील नोकरी आपण होऊन सोडली. बदली झालीच नाही. आणि मग त्या बेकारभत्त्याला पात्र ठरतात की नाही, हे विचारण्यासाठी आम्ही सरकारी खिडकीपुढे उभे राहिलो. एवढ्याशा गोष्टीसाठी देवाला हाक मारावी का, अशी शंका कोणी घेईल. खिडकीपुढे उभ्या असलेल्या माणसाला ती येत नाही.

मी आयुष्यभर संस्कृत शिकवले. पत्नीच्या निधनानंतर मुलाकडे सनाबिसला राहायला आलो. मुलगा हिद्दच्या एका कारखान्यात इंजिनिअर आहे. सूनबाई घरापासून चालत जाण्याच्या अंतरावरील एका कंपनीत हिशेब पाहत. मी येथील सरकारच्या दृष्टीने मुलाचा आश्रित. आश्रित होणे ही आमच्या स्तोत्रांत मोठी पदवी मानली आहे, त्यामुळे मला ते कधी बोचले नाही. सूनबाईंचा व्हिसा मात्र त्यांच्या स्वतःच्या नोकरीवर होता आणि त्यांना त्याचा अभिमान होता.

भाद्रपदात मुलाच्या साहेबांनी त्याला सांगितले की, रियाधला नवे काम निघाले आहे, तुलाच पाठवणार. कागद आठवडाभरात येईल. त्याच संध्याकाळी मुलाने बायकोला सांगितले, "तू राजीनामा देऊन टाक. सोमवारपासून पितृपंधरवडा आहे."

"पत्र तर येऊ दे आधी," सूनबाई म्हणाल्या.

"येतंय गं. इंशाल्ला म्हणालेत साहेब."

मी नम्रपणे सुचवले की, पितृपक्षात शुभकार्य आरंभू नये असा संकेत आहे. परंतु राजीनामा हा आरंभ नव्हे. त्याचा मुहूर्त माझ्या वाचनात कोठे आलेला नाही.

"बाबा, पंचांगाच्या ॲपमध्ये स्पष्ट दिलंय."

"राजीनाम्याविषयी?"

"महत्त्वाचे निर्णय टाळावेत असं दिलंय. नोटीसचा काळ धरून हिशेब करा ना. आत्ता दिला तर सगळं बरोबर बसतं."

ज्याने संध्येची पळी कधी हातात धरली नाही, त्या मुलाने मला पंचांग शिकवावे, हा कालमहिमा होय. सूनबाईंनी रविवारी, म्हणजे पितृपक्षाच्या आदल्या दिवशी, राजीनामा दिला. एवढ्यावर गोष्ट थांबली नाही. नवऱ्याला बढतीवर बदली मिळाली म्हणजे पेढे वाटले पाहिजेत. हूरा भागातल्या मिठाईच्या दुकानातून डबे आले आणि साहेबापासून चहा देणाऱ्यापर्यंत सूनबाईंच्या साऱ्या कार्यालयाचे तोंड गोड झाले.

नोटीसचा काळ संपत आला आणि रियाधचे काम रद्द झाले. मुलाच्या साहेबांनी त्याचे वर्णन 'खलास' या एका शब्दात केले. सूनबाई राजीनामा परत घ्यायला गेल्या, तेव्हा त्यांच्या जागी नवी मुलगी नेमून झाली होती आणि सूनबाईंनी स्वतःच तिला सगळे काम उत्तम शिकवून ठेवले होते. कर्तव्यदक्षतेचे फळ इतक्या लवकर मिळाल्याचे मी क्वचितच पाहिले आहे.

येथे बेकारीच्या विम्यासाठी परदेशी माणसाच्या पगारातूनही थोडा अंश कापला जातो. सूनबाईंनी तेच धरून ठेवले. व्हिसा नवऱ्याच्या नावावर जाणार, हे आता अटळ होते. निदान नवी नोकरी मिळेपर्यंत स्वतःच्या खर्चासाठी त्याच्यापुढे हात पसरावा लागू नये, एवढीच त्यांची इच्छा होती.

आमच्या मजल्यावर रत्नागिरीकडचे एक मुसलमान गृहस्थ राहतात. कंपन्यांच्या माणसांचे व्हिसाचे कागद सरकारदरबारी नेण्याआणण्याचा त्यांचा व्यवसाय आहे. ते सल्ला द्यायला आले आणि चहा घेत म्हणाले, "वहिनी, नियम सोपा हाय. काढलेल्याला मिळतं. सोडलेल्याला मफी."

"म्हणजे?"

"म्हणजे काय नाय मिळत. तुम्ही असं करा, कंपनीनं काढलं म्हणून सांगा. तुमचा साहेब चांगला माणूस हाय, नाय म्हणायचा नाय."

"अहो भाईजान, सगळ्या ऑफिसला पेढे वाटलेत मी. काढून टाकलेली बाई पेढे वाटते का?"

"सुटले एकदाचे, म्हणून वाटले असतील," मुलगा मध्येच म्हणाला.

"तू गप्प बस. तुझ्या बदलीचेच पेढे होते ते."

भाईजान माझ्याकडे वळले. "काका, तुम्ही शास्त्रवाले. थोडं खोटं चालतं की नाय संसारासाठी?"

मी ग्रंथांच्या कपाटाकडे पाहू लागलो. धर्मशास्त्र उदार आहे. संकटात सापडलेल्या गृहस्थासाठी त्यात कोठेतरी सवड असतेच. ती कोठे आहे, हे मला आठवतही आले होते.

"बाबा, तुम्हीसुद्धा?" सूनबाई म्हणाल्या. "मला कामावरून काढलं, असं मी सांगणार नाही. माझ्या हिशेबात कधी चूक निघालेली नाही. भत्ता नाही मिळाला तरी चालेल."

मी कपाटावरची नजर काढून घेतली.

मुलाची शिफ्ट असल्याने खिडकीपुढे सूनबाईंबरोबर मी गेलो. आतल्या अधिकारी बाई तरुण होत्या आणि फार सौजन्याने इंग्रजीत बोलत होत्या. त्यांनी मला 'हाजी' म्हणून खुर्ची दिली. मग विचारले, "कंपनीने काढले?"

"नाही. मी सोडली."

"कारण?"

"नवऱ्याची बदली होती. त्याच्याबरोबर जायचे होते."

"हे कारण विचारात घेता येईल. नवरा कोठे गेला?"

"हिद्दला."

"हिद्द तर इथेच आहे!"

"हो. रोज जातो. संध्याकाळी परत येतो."

शेजारच्या खिडकीतला कारकून हसू आवरेना म्हणून खोकू लागला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी शांतपणे समजावले: नवरा गेला असता, तर तुम्हीही गेला असता, मग तुम्ही या देशात काम शोधत नसता, म्हणून भत्ता मिळाला नसता. नवरा गेला नाही. मग नोकरी सोडण्याला सबळ कारण उरत नाही, म्हणूनही भत्ता नाही.

दोन्ही टोकांना फास असलेल्या दोरीचा न्याय मी विद्यार्थ्यांना पुष्कळ वर्षे शिकवला. इकडे ओढावे तर मान अडकते, तिकडे ओढावे तरी मान अडकते. पण इतके निर्दोष उदाहरण मला कोणत्याही टीकाकाराकडून मिळाले नव्हते, ते या बाईंनी दिले. मी आदराने उठून नमस्कार केला. त्यांनाही तो बहुधा आवडला.

परतताना माझ्या मनात एकच विचार घोळत होता. आमच्या परंपरेत आपण होऊन सोडले तर त्याला त्याग म्हणतात. कोणी हिसकावून घेतले तर त्याचे पुण्य नाही. येथील विम्याचे पुण्य नेमके उलट्या बाजूला जमा होते. दोन्ही शास्त्रे आपापल्या जागी सुसंगत आहेत. अडचण फक्त दोन्हींत एकाच वेळी संसार करणाऱ्यांची.

महिनाभरात सूनबाईंचा व्हिसा मुलाच्या नावावर झाला. नवे ओळखपत्र टेबलावर ठेवीत मुलगा थट्टेने म्हणाला, "आता तुम्ही दोघंही माझे आश्रित!"

"बाबा आश्रित आहेत," सूनबाई म्हणाल्या. "मी तुझ्या बदलीची शिल्लक आहे."

तो हसला. मग खाली पाहत त्याने सांगितले की साहेब पुन्हा बोलले आहेत. या खेपेला जुबेल, तेही सौदीतच.

"अभिनंदन," सूनबाई म्हणाल्या. "तू जा. घर घे, गॅस लाव, एक महिना वरणभात करून खा. मग मला फोन कर. मी तेव्हा नोकरीत असेन. रजा मिळाली तर बघायला येईन."

आणि त्या लॅपटॉप उघडून नव्या अर्जाला बसल्या. मुलगा माझ्याकडे पाहू लागला. या वेळी मला धर्मशास्त्रातली कोणतीही सवड आठवली नाही.

हे वाचणाऱ्या सज्जनांचे आणि त्यांच्या घरातील सर्वांचे जगदीश्वर कल्याण करो. तुमच्या घरी कोणी काही सोडलेच, तर ते ज्याच्यासाठी सोडले तो आधी निघालेला असो. आणि ज्या गृहलक्ष्मीने घरासाठी आपले काही सोडले असेल, तिला त्याचे फळ कोणत्याही खिडकीपुढे मागावे न लागो. शुभं भवतु.