उसन्या बैलाचा पोळा

इथे न्यूझीलंडला, पोरिरुआत, खराखुरा पोळा करायचा, ही टूम माझ्या मुलाची. तो सॉफ्टवेअरमध्ये आहे, शिवाय इथल्या मराठी मंडळाचा सेक्रेटरी. वाढला पुण्यात फ्लॅटमध्ये, बैल पाहिला तो पाठ्यपुस्तकातल्या चित्रात. आधीच्या वर्षी मंडळाने पोरांकडून मातीचे बैल करून घेतले होते आणि माझ्या नातीने तिच्या बैलाला एकच शिंग लावून तो जांभळा रंगवला होता. यंदा म्हणे सगळं ऑथेंटिक हवं. कमिटीत एकाहून एक हुशार माणसं, पण बैलाच्या पुढे उभं राहायचं की मागे, यावरच त्यांची मीटिंग तासभर चालली. शेवटी एका गोऱ्या शेतकऱ्याने एक बैल दिवसभरासाठी द्यायचं कबूल केलं.

आता शेजारच्या आजोबांबद्दल सांगायला हवं. ते दक्षिण सुदानचे, दिदिंगा डोंगरातले. नातवाबरोबर राहतात. मी कपडे वाळत घालायला बाहेर पडले की ते कुंपणापलीकडे कोबीच्या वाफ्यात असतात. त्यांचं इंग्रजी केनियातल्या निर्वासितांच्या छावणीत शिकलेलं आणि माझं शाळेत शिकवून शिकवून झिजलेलं, त्यामुळे आमचं छान जमतं. आमचं मुख्य दुखणं एकच. नातवंडांना आपली भाषा कळते आणि उत्तर इंग्रजीत येतं.

पण आजोबांना आणखी एक घोर लागलेला होता. त्यांच्यात मुलगा वयात आला की त्याला स्वतःचा एक बैल मिळतो. त्या बैलाच्या रंगावरून, शिंगांच्या वळणावरून मुलाला नवं नाव पडतं, आणि सोबती जन्मभर त्याला त्याच नावाने हाक मारतात. तो बैलासाठी गाणी रचतो आणि स्वतः गातो. नातवाला कागदावर चर्चमधलं नाव होतं, बैलाचं नव्हतं. तो सुपरमार्केटच्या गोदामात काम करायचा आणि महिन्याभरात खाणीतल्या नोकरीसाठी पर्थला निघाला होता. तो नावावाचून गेला तर माझ्यामागे त्याला ते कोण देणार, असं आजोबा म्हणायचे. बरं, हा देश गाईगुरांनी भरलेला! पण आजोबा शेतांवर जाऊन एखादा बैल आहे का विचारायचे, तेव्हा लोकांना वाटायचं यांना बार्बेक्यू करायचाय.

मी हे घरी सांगितल्यावर चिरंजीवांनी ताबडतोब फोन काढला. जेवताना आम्हाला व्याख्यान मिळालं की दिदिंगा ही सुर्मिक कुळातली भाषा, मुर्ले तिची जवळची, आणि पलीकडे इथिओपियातल्या मुर्सी आणि सुरी तिच्या लांबच्या चुलत बहिणी. इथपर्यंत ठीक होतं. पण पुढे त्याला मुर्सी बायकांचे फोटो सापडले, खालच्या ओठात मातीची तबकडी घातलेले. दुसऱ्या दिवशी हा शहाणा कुंपणापाशी जाऊन आजोबांना विचारतो, तुमच्याकडच्या कोणी बायका तशा तबकड्या घालून आमच्या कार्यक्रमाला येतील का? मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. आजोबा शांतपणे म्हणाले की ते लोक वेगळे, आपण त्यांना कधी भेटलेलोसुद्धा नाही. उद्या कोणी याच्या बायकोला काश्मिरी फेरन घालून नाचायला सांगितलं असतं, तर याने ग्रुपवर निबंध लिहिला असता.

तरी आजोबांनी एक विचारलंच. बैल येणार आहे, तर नातवाला घेऊन येऊ का? मुलगा खूश झाला. कौन्सिलकडून हॉल मिळवताना दुसऱ्या समाजाचा सहभाग दाखवला की बरं पडतं म्हणे.

मंडळाचा पोळा रविवारी ठेवला होता. त्या दिवशी वारा असा की बायकांच्या नऊवारीचे पदर शेतकऱ्याच्या तारेच्या कुंपणात अडकत होते. चिखलात कोणी गमबूट, कोणी चक्क जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी स्लिपर, घालून आलेलं. कमिटीने शिंगांसाठी रंग आणला होता, बेगड आणली होती, गोंडे आणले होते. बैल आला तो लालसर, पांढऱ्या तोंडाचा, कानात पिवळा बिल्ला, आणि शिंगं मुळीच नाहीत! इथे बऱ्याच गुरांना शिंगं नसतात, हे कोणाच्या गावीही नव्हतं. खजिनदार शेतकऱ्याला विचारत होते, दुसरं मॉडेल मिळेल का. शेवटी गोंडे दाव्याला बांधले आणि बैलाला कुंकू लावलं. पुरणपोळी पुढे केली तर त्याने खालची कागदी प्लेट खाल्ली. मग सगळे रांगेने त्याच्या पाया पडले, सेल्फीसकट.

आजोबा बैलाभोवती सावकाश फिरले. शिंगं नाहीत हे पाहून त्यांचा चेहरा उतरला होता. मग त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, पांढरं तोंड, लाल मान, पोटाखालचा पांढरा पट्टा नीट पाहिला. त्या रंगसंगतीला त्यांच्या भाषेत स्वतंत्र शब्द आहे. तो त्यांनी उच्चारला, नातवाकडे बोट दाखवलं, पुन्हा उच्चारला. नातू हुडीच्या खिशात हात घालून उभा होता. आजोबांनी गायला सुरुवात केली आणि त्याला पुढे ढकललं.

तो पोरगा गायला. अडखळत, आजोबांकडे बघत, मध्येच थांबत, पण त्यांच्या भाषेत. मला रडू आलं, खोटं कशाला बोलू, आणि हेवाही वाटला. माझ्या नातीने मला मराठीत दोन वाक्यं सलग ऐकवली तर मी पेढे वाटीन. आमची मंडळी मोबाइल वर धरून ‘सो ट्रायबल’ म्हणत होती.

चहाच्या वेळी शेतकऱ्याने सहज सांगितलं की हा गुरुवारी ट्रकमध्ये चढणार, कत्तलखान्यात. वजन छान भरलंय म्हणाला. मुलगा माझ्या कानाशी लागला, आई, आजोबांना सांगू नकोस, उगाच मूड जाईल. माझं डोकंच फिरलं. मी सगळ्या कमिटीसमोर विचारलं की हा बैल ठेवून कोण घेतो? शेतकरी द्यायला तयार होता. मंडळातल्या एकाचा लाइफस्टाइल ब्लॉक आहे, म्हणजे घराभोवती हौसेपुरती शेती, एरवी ग्रुपवर रोज सकाळी त्याचा कुदळ घेतलेला फोटो असतो. तो म्हणाला, नुकतंच लॉन केलंय, काकू. दुसऱ्या एक बाई म्हणाल्या की आपण कुठे बीफ खातो, म्हणजे आपल्याकडे दोष येत नाही. बाकीच्यांनी खुर्च्या आवरायला घेतल्या.

तेव्हा मीच आजोबांकडे जाऊन सांगितलं.

“मला माहीत होतं,” ते म्हणाले. “हा काही देवाला सोडलेला बैल नव्हता. पण नाव मी दुसरीकडून कुठून आणू?” मग म्हणाले की नावाचा बैल गेला की माणूस त्याचा शोक करतो, आता नातवाला तोही करावा लागेल. एवढ्यात नातू आला. घरी चला, असं काहीसं तो आजोबांना म्हणाला. इंग्रजीत नव्हे, त्यांच्या भाषेत.

गुरुवारी नातू कामावर गेला नाही. त्यांच्या घराचे पडदे ओढलेले दिसले. मी पिठलं आणि भात केला, डब्यात भरला आणि चपला घालू लागले. मुलगा वरच्या खोलीतून मीटिंग संपवून खाली आला. पिठल्याचा डबा असा झाकून कुठल्या घरी नेतात, हे त्याला पुण्यातलं माहीत आहे. त्याचा चेहरा गंभीर झाला.

“आई, कोण गेलं?”

“रविवारी तू ज्याच्या पाया पडलास ना,” मी म्हटलं, “तो.”