तुळशी आणि गोजू रियू

डहाणूजवळच्या कैनाड गावच्या तुळशीला कराटे शिकायचं नव्हतं. तिला लेकीला क्लासला पोचवायचं होतं आणि क्लास सुटेपर्यंत कुठंतरी पाय पसरून बसायचं होतं. आठवडाभर चिकूच्या वाडीत फळं काढून तिचे खांदे भरून यायचे. २०१४ साली डहाणूत नविन नावाच्या सरांनी शाळेच्या हॉलमध्ये मुलींसाठी क्लास काढला, तेव्हा लेक दक्षा सहावीत होती.

दक्षाचं मन तिथं दिवाळीपर्यंत टिकलं. मग तिला कबड्डीनं ओढलं. पुढच्या रविवारी तुळशी एकटीच रिक्षात बसली.

"अगं, पोरगी तर घरीच आहे!" नवरा अमृत अंगणातून ओरडला.

"माहितेय. मी चाललेय."

कोपऱ्यात बसून बघता बघता तिचेच पाय शिवशिवायला लागले होते, हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. साडीचा काष्टा मारून ती शेवटच्या रांगेत उभी राहिली. पोरी खुदखुदल्या. सरांनी त्यांना गप्प केलं आणि त्यांच्या या कराटेची, गोजू रियूची, कथा सांगितली. जपानचं ओकिनावा बेट. तिथं चीनशी व्यापार चालायचा, त्याबरोबर तिकडच्या कवायतीही आल्या आणि बेटावरच्या हाताच्या लढाईत मिसळल्या. गो म्हणजे कठीण, जू म्हणजे मऊ.

"म्हणजे आपल्या बोलण्यासारखं," तुळशी म्हणाली. "थोडं गुजराती, थोडं मराठी, आणि भांडण मात्र अस्सल आपलं."

तिला सगळ्यात आवडली ती सांचिन नावाची कवायत. पायाची बोटं जमिनीत रोवायची, अंग घट्ट करायचं आणि पोटातून श्वास ओढत, सोडत हळूहळू पुढं सरकायचं. घरी चुलीपाशी तिचा तो हूऽऽस आवाज ऐकून अमृत धावत आला, "पोटात दुखतंय का?"

"तपकिरी पट्टा घ्यायचाय," ती म्हणाली. अमृतला वाटलं, बाजारातून आणायचाय.

त्या पट्ट्याची परीक्षा आली ती २०१८च्या पावसाळ्यानंतर. परीक्षा घ्यायला मुंबईहून मोठे सर आले होते. सांचिन चालू असताना परीक्षक मागून येऊन खांद्यांवर, पाठीवर थापा मारतो आणि अंग घट्ट आहे का बघतो. नविन सर मुलग्यांच्या क्लासमध्ये अशा थापा मारायचे, पण मुलींच्या क्लासमध्ये हात लावायला त्यांना संकोच वाटायचा. म्हणून हे तिला माहीतच नव्हतं. पाठीवर फाडकन थाप पडली, तशी ती गर्रकन वळली आणि तिनं मोठ्या सरांचं मनगट धरलं.

"हात कुणाला लावता?"

मोठ्या सरांनी मनगट सोडवायचा प्रयत्न केला. सुटेना.

"पकड पास," ते शेवटी म्हणाले. "सांचिन नापास."

नविन सर ओशाळले. "चूक माझी, तुळशीताई. आधी सांगायला हवं होतं."

"मग आता सगळ्यांनाच सांगून मारा," तुळशी म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण मान ताठ होती. मोठ्या सरांनी तिथल्या तिथं मान्य केलं: थाप मारण्याआधी विचारायचं.

ती घरी आली आणि पंधरवडाभर क्लासला गेलीच नाही. त्यात तलासरीकडे भूकंपाचे धक्के सुरू झाले. तिचं माहेर तिकडंच. भाऊ सुनिल पाड्यावर सगळ्यांसह उघड्यावर राहत होता. त्याची धाकटी लेक रूपी घरात पाऊल टाकत नव्हती, धड जेवतही नव्हती. तुळशी गेली आणि तिला खळ्यावर घेऊन उभी राहिली.

"पायाच्या बोटांनी जमीन धर."

"जमीनच हलते आत्या. धरून काय होणार?"

"जमिनीचं मला नाय माहीत," तुळशी म्हणाली. "श्वास तर आपला आहे ना? तो धीरे सोड."

रूपीनं सोडला. बघता बघता पाड्यावरची पोरं जमली आणि खळ्यावर हूऽऽस हूऽऽस सुरू झालं. तेवढ्यात पायाखाली गुरगुरलं. शेजारच्या घरावरची कौलं खडखडली. पोरं थिजली. तुळशीनं बेंबीच्या देठापासून आरोळी ठोकली. तिच्यामागून रूपी किंचाळली, मग सगळीच. कोंबड्या चौफेर उधळल्या, सुनिल हातातला तांब्या सांडून पळाला आणि धक्का थांबल्यावर अख्खा पाडा त्याला हसत सुटला. त्या दुपारी रूपीनं दोनदा भात मागितला.

धक्के चालूच राहिले, तुळशीही येत राहिली. क्लासही तिनं पुन्हा धरला: दर रविवारी आधी डहाणू, मग तलासरीकडची जीप. २०१९च्या उन्हाळ्यात तिनं परीक्षा पुन्हा दिली आणि तिला तपकिरी पट्टा मिळाला. तो बांधूनच ती पाड्यावर उतरली. पोरं रांग धरून उभी होती. तिची म्हातारी आई भिकी लुगडं खोचून पहिल्या रांगेत घुसली होती आणि पुढं कोण उभं राहणार यावरून रूपीशी कडाकडा भांडत होती.