सुतकात थांबलेली शाई

माझ्या पत्नीसाठी भजनांची पाने मोठ्या अक्षरांत छापून देणे हे निवृत्तीनंतर माझे एक व्रतच झाले होते. तिच्या डोळ्यांत काचबिंदू उतरला होता. थेंबांनी तो आहे तेथे थांबेल, गेलेली दृष्टी मात्र परत येणार नाही, असे म्हापशाच्या डॉक्टरांनी सांगितले होते. आणि तो पुरता थांबलाही नाही. दर वर्षी तिला पूर्वीपेक्षा मोठे अक्षर लागे.

आमच्या गावच्या देवळात कार्तिकात भजनी सप्ताह असतो. अहोरात्र भजन चालते. एका वाड्याचे मंडळ उठण्यापूर्वी दुसऱ्याने स्वर उचलायचा, मध्ये खंड पडू द्यायचा नाही, असा दंडक आहे. प्रत्येक मंडळाच्या ठरलेल्या पाळीला आमच्याकडे पार म्हणतात. पूर्वी हे पार पुरुषांचेच असत. गोवा घटकराज्य झाल्यानंतरच्या काळात आमच्या वाड्यावरील बायकांनी तिसऱ्या प्रहराचा पार मागून घेतला, आणि तेव्हापासून पुढे बसून भजन सांगण्याचे काम माझ्या पत्नीकडे आले. घरात ती पेडण्याच्या बोलीत बोलते आणि देवापुढे मराठीत गाते. भाषेचा वाद गोव्यात ऐन भरात होता तेव्हाही या दोहोंत काही विसंगती आहे असे तिला कधी वाटले नाही. पाठशाळेत वाढलेल्या मला मात्र ते समजायला वेळ लागला.

सुनेने आम्हाला शाईच्या टाक्या असलेला एक प्रिंटर आणून दिला होता. ती कोल्हापूरकडची, डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या कार्यालयात काम करते आणि माझ्या मुलासह तेथेच राहते. प्रिंटर मी देवघराशेजारच्या खोलीत ठेवला. त्यावर भगवंताचे नाव उमटते, म्हणून स्नान केल्याशिवाय मी त्याला हात लावत नसे. दसऱ्याला त्यावर फूलही वाहत असे.

त्या वर्षी सप्ताहाच्या आधी मी नव्या मापाचे पहिले पान छापायला घेतले होते. पान अर्धे बाहेर आले असेल-नसेल, तोच भावकीतले एक वडीलधारे गेल्याचा निरोप आला. आम्हाला सुतक लागले. मी अंगणात निरोप आणणाऱ्याशी बोलत होतो. पत्नीने आत जाऊन भिंतीवरचे बटण बंद केले, प्लग ओढून काढला आणि प्रिंटरवर धुतलेले पांघरूण घातले. सुतकाच्या घरात देवाचे नाव छापत राहणे तिला रुचणारे नव्हते. मलाही त्यात काही गैर दिसले नाही. देवपूजा भटजींकडे सोपवली, पोथी बासनात गेली, तसा प्रिंटरही झाकला गेला.

सुतक फिटले तेव्हा सप्ताह परवावर आला होता. घर शुद्ध करून, स्नानसंध्या उरकून मी प्रिंटर सुरू केला. अडकलेले पान काढले आणि नवे घातले. यंत्राने नेहमीसारखा आवाज केला, कागद पुढे सरकला आणि कोराच बाहेर आला. दुसऱ्या पानावर कडेला पुसट राखाडी फराटे उमटले, तेवढेच.

पत्नी दारात उभी होती. मी कागद पुन्हा पुन्हा उलटवतो आहे हे ऐकून तो कोरा असल्याचे तिला कळले.

“रवांदी आता तें,” ती म्हणाली. “यंदा माझो पार दुसऱ्या कोणाक दिया.”

“एक पान बिघडले म्हणून?”

“एक पान नाय. डोळ्यांका दर वर्सा नवीं अक्षरां जाय. किती धावतले तुमी? एकदा सोडलो की सोडलो. मागीर पुन्हा बसूचें नाय.”

रागाने बोलली असती तर मला बरे वाटले असते. ती अगदी शांतपणे, मनाशी ठरवून बोलली होती.

मी बाजारात गेलो. पेडण्यातील ज्या दुकानात छापून मिळे, त्याचा मालक आपल्या गावच्या जत्रेला गेला होता आणि दुकानाला कुलूप होते. म्हापशाला जाता आले असते. पण यंदाचे माप अजून ठरायचे होते. एक पान काढायचे, तिच्या हातात द्यायचे, ती नाही म्हणाली की अक्षर आणखी वाढवायचे, हे काम घरीच होण्यासारखे होते. हाताने लिहावे म्हटले तर माझा हात कापतो. तरी जाड मार्करने एक पान लिहून पाहिले. तिने ते दूर धरले, जवळ धरले आणि घडी करून माझ्या हाती परत दिले.

दुपारी शेजारी राहणारी तिची जाऊबाई आली. ती आमच्या मंडळात टाळ धरते, आणि मनात आलेले ओठांवर यायला तिला क्षणही लागत नाही.

“वयनी, यंदा तुमी नुसत्या बसा. सांगपाचें आमी बघतलों,” ती म्हणाली. मग प्रिंटरकडे पाहून मला म्हणाली, “भावजी, ह्याका काजूची फेणी घाला. आमच्या घरकाराचें नाक चोंदलें तरी तो फेणीच सांगता.”

“आणि नाक सुटते?” मी विचारले.

“नाक सुटना. तो सुटता.”

पत्नी हसली. पण जाऊबाई गेल्यावर तिने देवघरातील टाळ काढून पुसले आणि ते जाऊबाईकडे नेऊन द्यायच्या पिशवीत ठेवले. सांगणाऱ्या बाईचे ते टाळ होते. पिशवी दाराच्या कडीला अडकवून ती स्वयंपाकघरात गेली. मग मी सुनेला फोन लावला.

“बाबा, कंप्युटरवरून हेड क्लिनिंग दिलंत का?” तिने विचारले.

दिले होते. प्रिंटरच्या ज्या भागातून शाई बारीक छिद्रांवाटे कागदावर पडते त्याला हेड म्हणतात, आणि तो स्वतःच साफ करण्याची आज्ञा संगणकातून देता येते. त्यानंतर यंत्र तपासणीसाठी बारीक रेघांच्या पायऱ्या छापते. निळ्या, लाल आणि पिवळ्या पायऱ्या अखंड आल्या होत्या. काळ्या पायऱ्यांच्या जागी इकडेतिकडे दोन-चार तुकडे होते, आणि काळ्याखेरीज दुसऱ्या रंगाचे अक्षर पत्नीला वाचता येत नसे.

“आता पुन्हा पुन्हा देऊ नका, नुसती शाई संपेल. बंद कसा केला होता? त्याच्या बटणाने, की भिंतीवरून?”

मी आवाज खाली आणला. “भिंतीवरून. छापत असतानाच.”

“मग बरोबर आहे. त्याच्या बटणाने बंद केला की हेड आपल्या जागी जाऊन बसतं. तिथं त्याला टोपण असतं. मधेच करंट गेला की ते वाटेत उभं राहतं. तोंड उघडं टाकून झोपल्यासारखं. वाळणारच ना शाई.” मग तिचाही आवाज बारीक झाला. “आईंनी काढला का प्लग?”

“घरात धांदल होती,” मी म्हणालो.

तिने तो विषय तिथेच सोडला. हेडखाली ओली घडी ठेवून वाळलेली शाई भिजवायची, असे तिने नीट सांगितले. “पण बाबा, विहिरीचं पाणी नको. आणि तुमचं गंगाजल तर मुळीच नको. बॅटरीत घालतात ते पाणी आणा.”

आमच्या विहिरीचे पाणी देवाच्या अभिषेकाला चालते. त्याहून शुद्ध पाणी मला ठाऊक नव्हते. त्यातील क्षार त्या केसाहून बारीक छिद्रांत जाऊन बसतात, म्हणून यंत्राला ते वर्ज्य. आणि मोप्याच्या रस्त्यावरील गॅरेजात तेलकट फळीवर ठेवलेली बाटली मात्र ग्राह्य. ती बाटली घेऊन घरी येताना मी मनाशी म्हणत होतो की शुद्धी एका प्रकारची नसते. ज्याला जे बाधते ते त्यापासून दूर ठेवणे, एवढाच तिचा अर्थ असावा.

घडीसाठी कापड हवे होते. सुती कापडाचे तंतू सुटतात आणि तेच छिद्रांत अडकतात, असे सून म्हणाली होती. घरात तंतू न सोडणारे एकच वस्त्र होते. माझा जुना मुकटा, पूजेच्या वेळी नेसायचे रेशमी सोवळे. तो विरला म्हणून बाजूला ठेवला होता, नदीत सोडायचा होता. मी तो हातात घेऊन बसलो. ज्या वस्त्राने इतकी वर्षे देवाची सेवा केली, त्याने यंत्राची काजळी पुसावी की नाही, याचा निर्णय मला होईना.

पत्नी येऊन समोर बसली. तिने हाताने चाचपून मुकटा ओळखला.

“व्हाळांत सोडून मासळेक दिवपाचो तो,” ती म्हणाली, “नावाच्या कामाक लागलो तर देव काय रागार जातलो?” आणि काठ सोडून तिने त्याचा मधला तुकडा स्वतः फाडला.

बाटली मी कोमट पाण्यात ठेवून जराशी ऊन केली. रेशमाची पट्टी घडी घालून भिजवली. आता हेड मधोमध आणून वीज तोडायची, म्हणजे ते हाताने सरकवता येते. छपाई सुरू करून हेड धावू लागताच मी प्लग ओढला.

तो आवाज ऐकून ती म्हणाली, “असोच काडलेलो मी.”

मी तिच्याकडे पाहिले.

“फोनार तुमी हळू उलयलात म्हणूनच आयकलें. मोठ्यान उलयल्यार लक्ष दिवंक नाशिल्लें.” मग तिने विचारले, “सुतकांत तें सुरू दवरपाक जायना. बरोबर न्हय?”

“बरोबरच होते,” मी म्हणालो. “तू केलेस ते शास्त्राला धरूनच केलेस. यंत्राला सुतक नसते, हे आपल्या दोघांनाही सुचले नाही, इतकेच.”

“मागीर फुडल्या खेपेक काय करपाचें? तशेंच सुकूंक दिवपाचें?”

मी पाठशाळेत आशौचप्रकरण शिकलो होतो. कोणी किती दिवस काय वर्ज्य करावे हे मला मुखोद्गत आहे. तिच्या प्रश्नाला त्यात उत्तर नव्हते. तपासणीचा कागद तिच्या हाती देऊन मी सांगितले की या नुसत्या रेघा आहेत, यात नाव नाही, अक्षरही नाही. शाई वाहती राहावी म्हणून सुतकात मी रोज एवढ्याच छापीन आणि प्रिंटर त्याच्या बटणाने बंद करीन. तिने कागद डोळ्यांजवळ नेला, रंगीत पायऱ्यांवरून बोट फिरवले आणि मान डोलावली.

हेड सरकवून मी त्या घडीवर आणून ठेवले. दिवेलागणीपर्यंत त्याला हात लावायचा नव्हता. त्या वेळात मी काही वाचू शकलो नाही. ती अंगणात तुळशीपाशी बसून बोटांवर काही मोजत होती. भजने मोजत असावी.

संध्याकाळी घडी काढली तेव्हा रेशमावर काळा गोल डाग पसरला होता. पुन्हा वीज दिली, एकदा हेड साफ करविले आणि तपासणीचा कागद काढला. काळ्या पायऱ्या आल्या. मधल्या दोन-तीन रेघा काही आल्या नाहीत. माझ्या तोंडून नकळत देवाचे नाव गेले.

माप ठरवायला तीन पाने लागली. तिसरे तिने नेहमीच्या अंतरावर धरले, आणि पहिली ओळ वाचली गेली. प्रत्येक अक्षराच्या पोटातून एक पांढरी रेघ जात होती. मी त्याबद्दल हळहळलो.

“माका ती रेघ दिसनाच,” ती म्हणाली. “डोळ्यांची चूक आणि यंत्राची चूक एकाच जाग्यार पडली दिसता.”

शेवटच्या पानांना काळी शाई पुन्हा फिकी होऊ लागली. मी थांबलो. जमिनीवर पाने मांडून तिने दोन गठ्ठे केले. जी भजने तिला पाठ होती त्यांच्या वाट्याला फिकी पाने आली, आणि जिथे तिचे कडवे चुकते तिथे गडद पाने राहावीत म्हणून दोन भजने तिने मला पुन्हा छापायला लावली. तेवढी शाई आली. मग ती उठली, कडीला अडकवलेली पिशवी उतरवून तिने टाळ बाहेर काढले आणि पानांवर वजन म्हणून ठेवले.

आमच्या वाड्याच्या पाराच्या दिवशी तिसऱ्या प्रहरी मी सभामंडपात खांबाला टेकून बसलो होतो. आधीचे मंडळ अखेरच्या गजरावर आले होते. आमच्या वाड्यावरील बायका त्यांच्या मागे येऊन बसल्या. पत्नीने पाने मांडीवर घेतली. जाऊबाई तिच्या डाव्या हाताला बसली, आणि पंख्याच्या वाऱ्याने पहिले पान उडू लागले तेव्हा तिने त्याची कड कोपराने दाबून धरली. पुरुषांचा स्वर उतरण्याआधी पत्नीचा स्वर वर आला. एका कडव्याच्या आरंभी ती अडखळली. बायकांनी तीच ओळ आणखी एकदा घोळवली, तोवर तिने पान उजेडाकडे वळवले आणि पुढचा शब्द तिला सापडला. ऐकणाऱ्यांना खंड जाणवला नसावा. मला जाणवला, कारण तेवढा वेळ मी श्वास घेतला नव्हता.

पार संपवून ती बाहेर आली. पायऱ्या उतरताना तिने माझा हात धरला. पाने तिने पदराखाली जपून धरली होती.

“फुडल्या वर्सा,” ती म्हणाली, “अक्षर आनीक इल्लें व्हड करा. आणि ओळींत जागा सोडा.”

“सोडीन,” मी म्हणालो.