साहेब ‘डावी’ म्हणाले तर उजवी

मीरा रोडला फिरायला कोणी जात नाही, हे मला ठाऊक आहे. मागच्या वेळी या ब्लॉगवर किल्ल्याचे फोटो टाकले होते, त्यामुळे काही जण डोंगरकड्यांच्या आशेने आले असतील. त्यांनी इथूनच परत फिरावं. पण माझ्यासारखे, दुसऱ्यांची मशिनं सांभाळत गावोगाव फिरणारे वाचकही आहेत. नाशिकहून हाटकेशला कसं जायचं, कुठे जेवायचं आणि काय करू नये, हे त्यांना यात सापडेल. शेवटचं जरा जास्तच सापडेल.

हाटकेशला स्टीलचे डबे बनवणारा एक कारखाना आहे. त्याच्या ऑफिसात, एका उघड्या लोखंडी कपाटात, बॅकअपचं काळं मशीन ठेवलंय. ऑफिसातल्या सगळ्या कॉम्प्युटरांची रोजची नक्कल त्यात जाते. डब्यांची ड्रॉइंग, ऑर्डरी, पत्रं, सगळं. मशीनला दोन वायरी. एक आतली, ऑफिसातून येणारी. दुसरी बाहेरची, इंटरनेटची, जिच्यातून मी नाशिकला बसून आत शिरतो. तीन वर्षं हे मशीन मी सांभाळलं आणि एकदाही डोळ्यांनी पाहिलं नाही. तशी गरजच पडली नाही, कारण तिथे तांबेकाका होते.

तांबेकाका तिथले शिपाई. वायर बदलायची असली, दिवे बघायचे असले की मी त्यांना फोन करायचो. आधी स्टूल सरकवल्याचा आवाज यायचा, मग कपाट ढकलल्याचा, आणि मग काका. “हां साहेब, बोला. डावी काढू? काढली. हिरवा लुकलुकतोय बघा.” मी मशीनचे इंटरनेटवरचे पत्ते बदलायचो, ते पुन्हा सापडतंय का ते तपासायचो, आणि मी “झालं” म्हणेपर्यंत ते फोन कानाला लावून तिथेच बसायचे. एकदाही चूक झाली नाही. त्यामुळे माझं माझ्याबद्दल फार चांगलं मत झालं होतं.

दिवाळीच्या आधी मी शेठना वार्षिक अहवाल पाठवला. त्यात लिहिलं, ‘सर्व बदल दूरवरून सुरळीत होतात. यापुढे मशीनजवळ माणूस ठेवण्याची गरज नाही.’ वाक्य मला आवडलं होतं. पाठवण्याआधी दोनदा वाचलं होतं.

जानेवारीत शेठनी इंटरनेटची कंपनी बदलली. राउटरची नवीन डबी आली, बाहेरच्या वायरीला नवीन पत्ता द्यायचा होता. काकांना फोन लावला तर बंद. ऑफिसात लावला, तर रिसेप्शनवरच्या प्रियाने उचलला.

“तांबेकाका? ते आता नाहीयेत ना सर.”

“अरेरे! कधी गेले?” मी विचारलं. माझा समज तिच्या लक्षात आला असावा.

“म्हणजे आहेत हो! कामावर नाहीयेत. दिवाळीनंतर शेठने बंद केलं त्यांना. तुमचं ते लेटर आलेलं ना, माणूस नको म्हणून. फोन पण कंपनीचा होता, तो घेतला काढून.”

यावर मी काय म्हणावं? मी म्हणालो, “बरं, मग तुम्हीच जरा मशीनजवळ जाता का?”

मी बाहेरच्या वायरीचा पत्ता बदलला आणि प्रियाला सांगितलं, मशीनची डावीकडची वायर काढा आणि तिच्या जागी नव्या डबीची वायर लावा. तिने लावली. मशीन गप्प झालं. बाहेरून मला दिसेना, आतून त्यांना दिसेना. मग “ती परत लावा”, “नाही, दुसरी काढून बघा” असं तासभर चाललं. शेवटी कुठली वायर कुठे आहे हे तिलाही कळेना आणि मलाही. बॅकअप बंद पडला. तिसऱ्या दिवशी शेठचा फोन आला, “साहेब, आप आ ही जाओ.” मी निघालो.

तर आता प्रवास. नाशिकच्या महामार्ग बसस्थानकावरून सकाळी बोरिवलीची एसटी पकडा. तिकीट बोरिवलीचं नको, काशीमिऱ्याचं मागा. इगतपुरीला गाडी थांबते, तिथला चहा घ्या, वडा घेऊ नका. कसाऱ्याच्या घाटात धुकं होतं आणि पुढच्या ट्रकच्या मागच्या दिव्यांखेरीज काही दिसत नव्हतं. भिवंडीला तासभर खोळंबा धरूनच चाला. ठाण्यानंतर गाडी घोडबंदर रोडला लागते, तिथे उजवीकडच्या खिडकीतून खाडी दिसते म्हणतात. मी डावीकडे बसलो होतो. मला धुळीने पांढरी पडलेली झाडं दिसली आणि स्वतःचं ते वाक्य सारखं आठवत राहिलं.

काशीमिरा नाक्यावरून हाटकेशला शेअर रिक्षा मिळते. माणशी सहा रुपये घेतले, सुट्टे ठेवा. एका बाजूला राहत्या इमारती, वाळत घातलेले कपडे, आणि दुसऱ्या बाजूला गाळ्यांची रांग. पत्रा ठोकल्याचा आवाज दिवसभर चालू असतो, तिथल्या लोकांना तो ऐकू येत नसावा. कारखान्यात गेलो तर प्रिया बिचारी तोंड एवढंसं करून उभी.

“सर, मी तुम्ही बोललात तेच केलं. डावीकडचीच काढलेली.”

“बघू,” मी मोठ्या माणसासारखं म्हणालो.

वायरी मशीनच्या पाठीला होत्या. तिथे पोचायला कपाट भिंतीपासून पुढे ओढून मागे शिरावं लागत होतं. मी शिरलो, आणि त्याच क्षणी कळलं. माझ्याकडे नाशिकला मशीनचा जो कागद होता, त्यातलं चित्र समोरून काढलेलं होतं. तीन वर्षं मी चित्रातली डावी-उजवी सांगत होतो. मागे उभ्या असलेल्या माणसाला ती बरोबर उलटी. प्रियाने सांगितल्याप्रमाणे डावी काढली आणि आतली वायर उपटली गेली. तिची काहीच चूक नव्हती.

मग काकांच्या हातून तीन वर्षं बरोबर कसं झालं? त्याचं उत्तर कपाटाच्या पाठीवर चिकटवलेलं होतं. वहीचा अर्धा कागद, निळं बॉलपेन, सावकाश काढलेली मोठी अक्षरं:

‘साहेब डावी म्हणाले तर उजवी काढणे. उजवी म्हणाले तर डावी. काळी काढू नये.’

मी तो कागद बराच वेळ वाचत उभा होतो. मला भयंकर लाज वाटली. प्रियाने बाहेरून विचारलं, “सर, काय झालं? जळलंय का काही?”

काकांचा पत्ता तिच्याकडेच मिळाला. भाईंदर पूर्वेला, केबिन रोडच्या आत एका सोसायटीवर ते वॉचमन म्हणून लागले होते. कपाटामागून जाणारी ती तिसरी, काळी वायर कुणाची, हे विचारायला जातोय असं मी तिला सांगितलं. स्वतःलाही तेच सांगितलं.

हाटकेशहून गोल्डन नेस्टवरून रिक्षाने भाईंदर पूर्वेला जाता येतं. केबिन रोडला खरेदीची ही गर्दी, त्यामुळे अलीकडेच उतरून चालत जा. वाटेत उडप्याकडे राईस प्लेट घेतली. डाळ बरी होती, मला गेली नाही.

सोसायटीच्या गेटपाशी प्लास्टिकच्या खुर्चीवर एक बारीक, पांढऱ्या मिशांचा माणूस बसला होता. खांद्यावरून उतरणारा निळा शर्ट, दुसऱ्या कुणाच्या मापाचा. मी म्हणालो, “जरा विचारायचं होतं...”

त्यांनी वर पाहिलंही नाही, नुसता कान दिला. मग उठलेच. “नाशिकचे साहेब ना? अहो आवाज कानात बसलाय तुमचा! या, या. सावलीत या.”

फोनवरच्या आवाजावरून मी जाडजूड माणूस धरला होता. त्यांनीही मला म्हातारा धरलं होतं म्हणे. खुर्ची मला दिली, स्वतः कट्ट्यावर टेकले, समोरच्या टपरीवाल्याला दोन बोटं दाखवून चहा मागवला. मुलीचं लग्न ठरतंय म्हणाले. इथे बारा तास उभं राहून गुडघा धरतो म्हणाले. आणि मी काय करावं? मी विचारलं, “काका, ती काळी वायर कुठली हो?”



“काळी होय? ती पॅकिंगवाल्यांची. दुपारी त्यांचे स्टिकर छापायचे असतात, काढलीत तर बोंब मारतात.” चहाचा ग्लास त्यांनी हातात फिरवला. “कामाला आलात होय? मला वाटलं, भेटायला आलात.”

“भेटायलाही आलोय,” मी म्हणालो. ते किती खोटं वाटलं, हे बोलतानाच मला ऐकू आलं. मग मी कागदाचं काढलं. “काका, मी उलटं सांगत होतो हे तुम्ही मला कधी बोलला का नाहीत?”

“बोललेलो ना साहेब. एकदम पहिल्यांदाच. तुम्ही म्हणालात, मी सांगतो तेवढंच करा, डोकं चालवू नका.”

मला हे आठवत नाही. पण मीच म्हणालो असणार, मी लोकांशी तसंच बोलायचो.

“म्हटलं जाऊ दे,” काका म्हणाले, “काम झाल्याशी मतलब.”

तेवढ्यात गाडी आली, ते लंगडत गेट उघडायला गेले. परत आले तेव्हा मी त्यांना अहवालाचं सगळं सांगून टाकलं. ते वाक्य मी लिहिलं, माझ्यामुळे तुमची नोकरी गेली. त्यांना ते माहीत होतं. शेठनी वाचून दाखवलं होतं.

“मी उद्या शेठशी बोलतो,” मी म्हणालो. “तुम्हाला परत घ्यायला लावतो. होईल, नक्की होईल.”

त्यांनी मान हलवली. त्यांचा नवीन नंबर मी घेतला, त्यावर मिस्ड कॉल दिला. माझं नाव त्यांनी आधी कसं सेव्ह केलं होतं कोण जाणे, आता ‘साहेब नाशिक’ असं सावकाश टाइप केलं.

मुक्काम काशीमिऱ्याला हायवेवरच्या लॉजमध्ये केला. चादर ओलसर होती आणि पंखा नुसता आवाज करत होता. राहायची वेळ आलीच तर मीरा रोड स्टेशनच्या बाजूला बघा.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर कारखान्यात गेलो. शेठ यायचे होते, म्हटलं तोवर काम उरकू. हे काम करणाऱ्यांसाठी नीट लिहितो, कारण मी ते तीन वर्षं चुकीचं करत होतो. ज्या दाराने, म्हणजे ज्या वायरीतून, आत आलोय, ते दार दुरुस्तीला घ्यायचं नाही. मी वायरी जागच्या जागी बसवल्या आणि लॅपटॉप आतल्या वायरीवर लावला. तिथून बाहेरच्या दाराला नवीन पत्ता दिला. मग मोबाइलवरून इंटरनेट घेऊन, बाहेरून आत येऊन पाहिलं. दोनदा ये-जा केल्यावरच आतल्या दाराला हात लावला. दोन्ही वायरींना चिठ्ठ्या बांधल्या, ‘आतली’, ‘बाहेरची’. डावी-उजवी हे शब्दच ठेवले नाहीत. आणि शेवटी मशीनला एक सूचना घालून ठेवली की पत्ता बदलल्यावर दहा मिनिटांत मी ‘झालं’ असं कळवलं नाही, तर आपणहून जुन्या पत्त्यावर परत जायचं. तपासून पाहिलं. मी मुद्दाम गप्प बसलो आणि दहा मिनिटांनी मशीन शहाण्यासारखं परत आलं.

काम फार सुंदर झालं होतं. ती दहा मिनिटं तांबेकाका स्टुलावर बसून जे करायचे, तेच मी मशीनला शिकवलं होतं, हे मात्र शेठ समोर येऊन उभे राहिले तेव्हा माझ्या लक्षात आलं.

“क्या साहेब, चालू?”

“चालू. शेठ, जरा तांबेकाकांबद्दल...” मी कागद दाखवला, सगळं सांगितलं. माझी चूक ते तीन वर्षं निस्तरत होते, हेही सांगितलं.

शेठ मोठ्याने हसले. “मतलब गलती आपकी, सुधारता वो था, और पगार मैं देता था!” मग हसू आवरून सरळ विचारलं. माणूस वाईट नाही तो. “सच बोलो. आज के बाद मशीन को आदमी लगेगा?”

मी आदल्या दिवशी, काम करायच्या आधी बोललो असतो, तर ‘लागेल’ हे खरं उत्तर होतं. आता मी कपाटाकडे पाहिलं. दोन्ही हिरवे दिवे लुकलुकत होते. खोटं बोलता आलं असतं. ‘लागेल’ म्हणायला काय लागतं? पण ते म्हणायचं तर माझं आजचं काम कच्चं आहे असं म्हणावं लागलं असतं, आणि तेवढं माझ्याच्याने झालं नाही.

“नाही लागणार,” मी म्हणालो.

परतीची एसटी काशीमिरा नाक्यावरच मिळते, रस्ता ओलांडून पलीकडे उभं राहा. या वेळी खाडीच्या बाजूची जागा मिळाली. पाणी करडं होतं, ओहोटी होती. मी झोपायचा प्रयत्न केला.

घरी आल्यावर इंटरनेटवरून मशीन उघडलं, पहिल्याच फटक्यात उघडलं. गेले आठ दिवस रोज उघडतंय. तो कागद मी कपाटावरून काढून आणलाय, टेबलासमोरच्या भिंतीवर लावलाय. बायकोने विचारलं हे काय, तर कामाचं आहे म्हणून सांगितलं. काकांना फोन करायचा मात्र रोज टाळत होतो. आज दुपारी केला.

“काका, शेठशी बोललो मी. नाही जमलं.”

“हां.”

“मी होईल म्हणालो होतो तुम्हाला...”

“ते मी तेव्हाच धरलेलं साहेब, नाही व्हायचं म्हणून. तुम्ही होईल म्हणालात ना, तेव्हाच.” आवाजात राग नव्हता. हिरवा लुकलुकतोय असं सांगायचे, तसंच सांगितलं. मग म्हणाले, “मशीन चालतंय ना पण नीट?”

“चालतंय.”

“मग ठेवतो. गेटवर गाडी आलीय.”