ओळखीचा पेशंट

आमच्या ऑफिसात तिला सगळे ‘टेप’ म्हणायचे. नाव मीच ठेवलं होतं. कामाला लागून दोन आठवडे झाले नसतील, एका आजोबांनी फोनवर डॉक्टरला गाढव म्हटलं, तर हिनेही इथल्या भाषेत डॉक्टरला गाढव म्हटलं. अगदी त्याच सुरात. डॉक्टरने तक्रार केली. मी हिला बोलावून झापायला घेतलं तर मला म्हणते, तुम्हीच शिकवलंत ना, काही गाळायचं नाही, काही पदरचं घालायचं नाही. मी कपाळावर हात मारला आणि तक्रारीच्या कागदावर लिहिलं, ‘काम नियमानुसार.’ तेव्हापासून ती टेप.

दवाखान्यात ज्यांना इथली भाषा येत नाही त्यांचं बोलणं डॉक्टरला आणि डॉक्टरचं त्यांना फोनवरून पोचवायचं, हे आमचं काम. चष्म्याच्या दुकानाच्या वर दोन खोल्या, त्यात फळ्या ठोकून केलेले सात कप्पे, आतून फोम चिकटवलेला. फोम कसला, नावाला. शेजारची शिंकली तरी ऐकू येतं. साहेबांच्या आईने दवाखान्यात काही न समजता प्रत्येक गोष्टीला मान डोलावली आणि महिनाभर भलत्याच गोळ्या खाल्ल्या, त्या रागातून साहेबांनी ही कंपनी काढली. मराठीच्या आम्ही तिघी. नवीन बाईला तयार करायचं काम माझ्याकडे, म्हणून मला सगळे मास्तरीणबाई म्हणतात. माझं तोंड फटकळ आहे, ते मला ठाऊक आहे, कुणी नव्याने सांगायला नको.

या कामात एक गोष्ट पहिल्या दिवसापासून अंगात भिनवावी लागते. पेशंट म्हणाला, माझ्या छातीत कळ येते, की आपणही म्हणायचं, माझ्या छातीत कळ येते. ‘ते असं म्हणतायत’ वगैरे काही नाही. मध्ये आपण नाहीच असं वागायचं. बाईमाणूस दिवसाकाठी चारदा बाप्याच्या प्रोस्टेटबद्दल ‘माझं’ म्हणून बोलते, आणि संध्याकाळी बसस्टॉपवर उभी राहून भाजी काय करावी याचा विचार करते. टिपणाचा कागद फोन ठेवला की मशीनमध्ये घालून त्याचा भुगा करायचा. ऐकलेलं पोटात ठेवायचं, घरी न्यायचं नाही. आणि पेशंट ओळखीचा निघाला तर तसं सांगून फोन दुसरीकडे द्यायचा. प्रत्येक फोननंतरच्या फॉर्मवर तो प्रश्न असतोच, ‘पेशंट ओळखीचा होता का?’ या शहरात मराठी माणसं मूठभर, त्यामुळे तो प्रश्न काही शोभेचा नव्हता.

टेपचं लग्न झालेलं नव्हतं. आई गेली तेव्हा ही एकोणीस वर्षांची आणि धाकटी बहीण नऊची. धाकटीच्या वेण्या हिने घातल्या, शाळेच्या सभांना ही गेली, लग्नही हिनेच लावून दिलं. ही नोकरीसाठी इकडे आली तर वर्षाच्या आत धाकटीही नवऱ्याला घेऊन मागोमाग हजर. दोन गल्ल्या सोडून घर केलं. लग्न झालेली लेक तेवढी दूर राहिली. रोज संध्याकाळी धाकटी हिच्या स्वयंपाकघरातल्या स्टुलावर येऊन बसायची आणि नवऱ्याचं गाऱ्हाणं सांगायची. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. भला माणूस, पण अबोल. बोललाच तर आधी ‘म्हणजे कसंय’ म्हणणार आणि मग अर्धा मिनिट गप्प. हे सगळं मला टेपनेच सांगितलेलं. मी त्या दोघांना कधी पाहिलं नव्हतं, पण जेवणाच्या सुट्टीत रोज धाकटीच्या बातम्या ऐकून मला ती घरातलीच वाटायची.

एके दिवशी अकराच्या सुमाराला टेपला फोन आला. त्यातलं बोलणं तिने मला फार पुढे, झाकण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा सांगितलं. मोठ्या दवाखान्यातून. तिने आपला नंबर सांगितला, नमस्कार केला, आणि पलीकडून आवाज आला, म्हणजे कसंय.

तिने तिथेच सांगितलं की हे माझे नातेवाईक आहेत, मी फोन दुसरीकडे देते. डॉक्टरही शहाणा होता, तोही म्हणाला दुसरं कुणी द्या. पण मेहुण्यांनी ऐकलं नाही. ते म्हणाले, ताई आहेत तर ताईच हव्यात, नाहीतर मी हा चाललो उठून. पेशंटचा हट्ट म्हटल्यावर डॉक्टरने मान तुकवली. मग टेपने सगळं सांगितलं. स्वादुपिंडाचा कॅन्सर, पसरलेला, ऑपरेशनचा उपयोग नाही, सहा महिने, कदाचित थोडे जास्त. डॉक्टर जसा थांबत थांबत बोलला तशीच तीही थांबत थांबत बोलली. एक शब्द गाळला नाही.

मेहुणे म्हणाले, “म्हणजे कसंय, ताई, लेकीचे दिवस भरत आलेत. आधीची दोन राहिली नाहीत. हिला कळलं तर ही जाणार नाही तिच्याकडे. बाळ होऊ दे, मग मी सांगतो. तुमच्याकडचं बाहेर जात नाही म्हणता ना? मग जाऊ देऊ नका.” आणि हेसुद्धा तिने डॉक्टरला जसंच्या तसं सांगितलं, कारण बोललेलं सगळं पोचवायचं असतं.

संध्याकाळी फॉर्म तपासताना मला ‘ओळखीचा होता’ वर खूण दिसली. मी तिला हटकलं. तिने पेशंटच्या इच्छेने फोन पुढे चालवल्याचं सांगितलं आणि मग विचारलं, “समजा, ऐकलेलं एखादं घरी सांगितलं नाही तर घराचं वाटोळं होणार असेल, तर?” मी तेव्हा फणकाऱ्याने म्हणाले की आज तुझ्या घराचं, उद्या दुसरीच्या घराचं, मग लोक आपल्यापुढे तोंड उघडतील कशाला? ज्याचं दुखणं, त्यानेच सांगायचं. ती हो म्हणाली आणि पर्स उचलून गेली. मी काही चुकीचं बोलले नव्हते. आजही मला तसंच वाटतं, आणि तेच मला खातं.

धाकटी आठवड्याने लेकीकडे निघाली. लेक दूर, विमानाने जायचं, दोघांची तिकिटं काढलेली. ऐन वेळी नवरा म्हणाला, कामातून सुटी नाही, तू जा. खरं तर त्याला दवाखान्याच्या खेपा होत्या. धाकटीने रान उठवलं. पहिलं नातवंड येतंय आणि आजोबाला लिफ्ट सुटत नाही! विमानतळावरून तिने टेपला फोन करून सांगितलं की या माणसाशी मी आता बोलणार नाही, बघू किती दिवस तग धरतो. आणि खरंच तिने अबोला धरला. त्याचा फोन आला की वाजू द्यायची. लेकीच्या हातात द्यायची.

टेप दुसऱ्यांदा माझ्याकडे आली ती तेव्हा. जेवणाचा डबा उघडाच होता, घास घेतला नव्हता. तिने नावगाव काही घेतलं नाही, पण मला न कळायला मी काही दूधखुळी नव्हते. म्हणाली, अबोला धरलाय हो तिने. रुसून बसलीये. आता तरी सांगू? मी म्हटलं, त्यांनाच गळ घाल, त्यांनीच सांगायला हवं. ती रोज संध्याकाळी त्यांच्याकडे जायची, त्यांना दोन घास खाऊ घालायची, आणि रोज विनवायची. ते म्हणायचे, बाळ होऊ दे, डॉक्टरने सहा महिने दिलेत, घाई कसली. ती बाहेरच्या जिन्यावर बसून रडायची आणि घरी यायची. आल्यावर धाकटीचा फोन यायचा, तुझा मेहुणा तुझ्याकडे जेवतो का, बारीक झालाय का, झाला असेल तर बरंच आहे. हिने हं हं करायचं. जी बाई कुणाचं बोलणं तसूभर बदलत नसे ती पाच आठवडे सख्ख्या बहिणीशी रोज खोटं बोलली. तिचं वजन उतरलं, डोळ्यांखाली काळं आलं, पण फोनवरचं काम चोख. मला तिचा अभिमान वाटायचा, देवाशप्पथ. आता त्या अभिमानाची लाज वाटते.

मुलगी झाली. छान, धडधाकट. त्या दिवशी मेहुण्यांनी धाकटीला तीनदा फोन केला. तिने एकदाही उचलला नाही. म्हटलं ना, राग होता. चौथ्या दिवशी मेहुण्यांना घरात उभ्या उभ्या रक्ताची उलटी झाली. टेपने त्यांना दवाखान्यात नेलं आणि तिथल्या व्हरांड्यातून धाकटीला सांगितलं, असशील तशी निघ. धाकटीला पोचायला दीड दिवस लागला. ते एका दिवसात गेले. सहा महिने म्हणाला होता डॉक्टर, दोन महिनेही पुरते झाले नव्हते.

टेप तिला कधीतरी स्वतः सांगणार होती, माझ्यापाशी तसं बोललीही होती. पण ती वेळ आलीच नाही. धाकटीला डॉक्टरला भेटायचं होतं, एकाएकी असं कसं झालं ते विचारायला. फोनवर आमचीच तिसरी मराठी मुलगी होती, तिला यातलं काही माहीत नाही. डॉक्टर सरळ मनाने म्हणाला, एकाएकी नाही हो, त्यांना आम्ही सात आठवड्यांपूर्वी सांगितलं होतं, तुमच्या ताईच दुभाषी होत्या की. आणि त्या पोरीने ते सांगितलं. दुसरं काय करणार?

धाकटी घरी आली. टेप धाकटीच्याच स्वयंपाकघरात पाहुण्यांची भांडी घासत होती. धाकटी ओरडली नाही. टेपने नळ बंद केला तेव्हा ती एवढंच म्हणाली, “तुला माहीत होतं. आणि तू मला त्यांच्याशी भांडू दिलंस.”

त्यानंतर ती बहिणीशी बोलली नाही. टेपने पत्रं लिहिली, ती परत आली. दारात जाऊन उभी राहिली, दार उघडलं नाही. भाचीने मध्ये पडून पाहिलं, तिलाही आईने गप्प केलं. मी एकदा म्हटलं, मी जाते, सांगते की मीच तुला अडवलं होतं. टेप म्हणाली, तुम्ही अडवलं नसतंत तरी मी सांगितलं नसतं. हे खरं होतं की माझी समजूत घालायला, ते मला अजून कळलेलं नाही. डब्याच्या वेळी ती आता पेपर वाचायची. स्वयंपाकघरातलं ते स्टूल तिने माळ्यावर टाकलं, असं एकदा सहज बोलून गेली.

दोन वर्षं अशी गेली. गेल्या महिन्यात, सकाळीच, मी माझ्या कप्प्यात होते. शेजारी टेपचा फोन वाजला. तिने नंबर सांगितला, नमस्कार केला. मग इथल्या भाषेत म्हणाली, पेशंट माझी जवळची नातेवाईक आहे, मी फोन सहकाऱ्याकडे देत आहे. लगेच तेच मराठीत. तिसरी मुलगी त्या दिवशी आली नव्हती. माझ्याकडचा दिवा लागला.

मी धाकटीला कधी पाहिलेलं नाही, म्हणजे ती माझ्या ओळखीची नाही. नियमात बसत होतं. मी फोन घेतला.

डोळ्याचं साधं ऑपरेशन होतं. नर्स फॉर्म भरून घेत होती. ऑपरेशननंतर दोन दिवस घरी सोबत कोण असेल? धाकटी म्हणाली, कोणी नाही. मी म्हटलं, कोणी नाही. नवरा? वारले. मुलं? लेक आहे, लांब असते. नर्स चिकाटीची. भाऊ, बहीण, कुणीतरी असेलच ना?

“बहीण होती,” धाकटी म्हणाली.

मी इथल्या भाषेत म्हटलं, “मला बहीण होती.” मी आवाज खाली घेतला, जमेल तेवढा. पण नर्सला ऐकू गेलं नाही. तिने पुन्हा विचारलं आणि मला मोठ्याने पुन्हा म्हणावं लागलं.

नर्स हळहळली. केव्हा गेल्या त्या, असं तिने विचारलं. मी ते मराठीत विचारलं.

“दोन वर्षं झाली,” धाकटी म्हणाली.

आणि मी ते सांगितलं. टेपचा कप्पा माझ्या डाव्या हाताला होता, मध्ये बोटभर फळी.

फोन संपला. मी टिपणाच्या कागदाची घडी हातात धरून बाहेर आले. टेप बाहेर उभी होती, पाणी प्यायला उठल्यासारखी, पण ग्लास रिकामाच होता. या बाईला मी दोनदा नाही म्हटलं होतं. आता काय माझी नोकरी जाईल ती जावो, साहेब काय बोलायचं ते बोलोत, असं मला झालं. मी तिचा हात धरला आणि म्हटलं, “ऐक, मी तुला सांगते. कोणता दवाखाना, किती तारीख, सगळं सांगते. तू नुसती जाऊन उभी राहा.”

तिने माझा हात हळूच सोडवला.

“नको,” ती म्हणाली. “तिने ते मला सांगितलेलं नाही.”

मग तिने माझ्या हातातला कागद घेतला, घडी न उघडता मशीनमध्ये घातला, आणि तो पुरता आत जाईपर्यंत तिथेच उभी राहिली. तिच्या कप्प्यातला फोन वाजायला लागला होता. ती आत गेली, हेडफोन लावला, आपला नंबर सांगितला आणि पलीकडच्याला नमस्कार केला.