सहा रंगांतलं लंडन

शेठ लंडनहून परतले तेव्हा मार्च संपत आला होता, तरी पहिला आठवडाभर ते मिलमध्ये कोट घालून आले. पुतण्याच्या लग्नाला गेले होते. लग्नाबद्दल फारसं बोलले नाहीत. बोलले ते जमिनीखालून धावणाऱ्या रेल्वेबद्दल. कुणालाही न विचारता आपण गाडी कशी बदलली, हे त्यांनी आधी मॅनेजरला सांगितलं, मग रंगखात्यात, मग बॉयलरवाल्याला. मॅनेजरला सांगताना त्यांनी एकदाच गाडी बदलली होती. गोष्ट आमच्या डिझाइनच्या खोलीपर्यंत आली तोवर तीनदा बदलून झाली होती.

मग त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून घडीचा नकाशा काढला आणि माझ्या काचेच्या टेबलावर पसरला. काचेखाली ट्यूबलाइट असायची, त्यामुळे लंडन एकदम उजळून निघालं.

“आर्टिस्ट,” शेठ म्हणाले, “आनी साडी बनाववानी छे.” त्या नकाशाची साडी.

शेठ सगळ्यांना कामाच्या नावानं हाक मारत. मी साड्यांच्या छपाईची डिझाइनं काढायचो. धुळ्याला चित्रकलेच्या शिक्षकाचा डिप्लोमा केला होता, पण शिक्षकाची जागा काही मिळेना, म्हणून सुरतेला आलो आणि कोयऱ्या काढायला लागलो. कोयऱ्या, त्यांच्यामधून वेली, वेलींवर पुन्हा कोयऱ्या. समोरचा कागद कोयरी नाही, एवढ्यावरच मी त्या दिवशी खूश झालो.

आम्ही डिंडोलीत राहायचो. आमच्या खोलीची मागची भिंत आणि पॉवरलूमच्या शेडची भिंत एकच होती. माग दिवसरात्र चालत. पाळी बदलली की माणसं बदलत, माग चालूच. ताटातल्या वरणावर बारीक लाटा उठायच्या. सवय होते असं सगळे सांगत, आणि तशी झालीही होती. त्या होळीला बायकोचा धाकटा भाऊ अमळनेरहून आला. जेवताना हातातला घास तसाच ठेवून बहिणीला म्हणाला, “ताई, तू इतली वरडीसन काबरं बोलस?”

ती ओरडून बोलते हे मला तोवर कळलंच नव्हतं. मला वाटायचं, ती बोलते.

उधन्याच्या डॉक्टरांनी तिचे कान तपासले. उजव्या कानाचं जे गेलं ते येणार नाही, म्हणाले. राहिलेलं टिकवायचं तर त्या आवाजातून बाहेर पडा. उपाय म्हणून घर बदलायला सांगितलं आणि कागदावर व्हिटॅमिनच्या गोळ्या लिहून दिल्या.

बाहेर पडायला दोन वाटा होत्या. अमळनेरच्या एका शाळेतले चित्रकलेचे शिक्षक निवृत्त होत होते. मेहुण्याची संचालकांकडे ऊठबस होती आणि शाळा उघडेपर्यंत जागा धरून ठेवायला ते तयार होते. दुसरी वाट भेस्तानची. तिथे शेठची स्टाफसाठी क्वार्टर्स होती, मागांपासून लांब, मागे एरंडाची झाडी. त्यातलं एक रिकामं होतं. मी शेठकडे विषय काढला तेव्हा त्यांनी नकाशावर हात ठेवला आणि लंडन चाललं की क्वार्टर तुमचं, असं सांगितलं. साडीचं नाव त्यांनी तोवर ठरवलंही होतं: लंडन.

मला भेस्तान हवं होतं. अमळनेरला जाऊन मुलांकडून फुलदाणी काढून घ्यायची, तिला डावीकडून सावली द्यायला लावायची, हे मला सोसवेल असं वाटत नव्हतं. बायकोला अमळनेरही नको होतं आणि भेस्तानही. तिला फक्त ती भिंत नको होती. दर रविवारी भाकरी थापताना ती विचारायची, “आपले जानं शे का नही?” आम्ही घरी अहिराणीच बोलायचो. मी म्हणायचो, नकाशा होऊ दे.

पहिले काही दिवस मी त्या नकाशाच्या प्रेमात होतो. आपल्याकडचा नकाशा म्हणजे नद्या, डोंगर, हद्दी. इथे त्यातलं जवळजवळ काहीच नव्हतं. रेघा सरळ, नाहीतर तिरक्या, तिरकस असतील तर सगळ्या एकाच कोनात. दोन स्टेशनांमध्ये खरं अंतर किती, याची त्या नकाशाला पर्वा नव्हती. शहराच्या मध्यातली चिकटून असलेली स्टेशनं त्यानं ऐसपैस बसवली होती आणि लांबची जवळ ओढली होती. अंतर खोटं, क्रम खरा. पुढे कुठेतरी वाचलं की असा पहिला नकाशा विजेच्या तारांच्या आकृत्या काढणाऱ्या कुणीतरी केला होता. मला नवल वाटलं नाही. शहरावर प्रेम करणाऱ्या माणसाच्या हातून इतकं स्वच्छ काम झालं नसतं.

मी आलेखाच्या कागदावर तो मोठा करून घेतला, स्टेशनांची नावं बारीक अक्षरांत लिहिली, आणि शेठना दाखवला. तिथून लंडनचे हाल सुरू झाले.

पहिला प्रश्न रंगांचा. छपाईत एक रंग म्हणजे एक जाळी. प्रत्येक रंगाची वेगळी ट्रेसिंग, वेगळी चौकट, टेबलावर तिची वेगळी फेरी. शेठना सहाच्या वर जाळ्या परवडत नसत आणि लंडनच्या लाइनी डझनभर होत्या. मी दोन दिवस विचार केला आणि निम्म्या लाइनी बंद केल्या. पलीकडच्या टेबलावर अकोल्याकडचा एक जण ट्रेसिंग करायचा. तो मान वाकडी करून बराच वेळ बघत राहिला.

“भाऊ,” तो म्हणाला, “सहा लाइनी बंद केल्या तुमी. आता त्या लोकाईनं कामावर जावं कसं?”

“सायकलनं,” मी म्हणालो. मी तसाच जायचो.

मग काळा रंग. शहराच्या उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणारी मोठी लाइन मुळात काळी आहे. शेठ म्हणाले, काळी रेघ असलेली साडी लग्नसराईत कोण घेणार. ती लाइन राणी रंगाची झाली. मग नदी. नकाशात एक निळी पट्टी कोनाकोनात वळत जाते. तेवढीच एक खूण जमिनीवरची. शेठनी तिच्यावर बोट ठेवून हे गटार कसलं म्हणून विचारलं. मी सांगितलं की ती नदी आहे, आपली तापी आहे तशी. तापीही साडीवर नको, असं उत्तर मिळालं. लाइनी जिथे मिळतात तिथले पांढरे गोल मात्र त्यांना आवडले. ते मोठे करा, बुट्टी दिसली पाहिजे, म्हणाले.

नावांवर मी अडून बसलो होतो. नावं होती म्हणून तो नकाशा होता. आणि शेठही माझ्या बाजूनं होते. लंडन आहे हे लोकांना कळायला हवं. पण रिंगरोडच्या कापड मार्केटमधले एक म्हातारे व्यापारी नमुना बघायला आले. त्यांनी कापड हातात घेतलं, चष्मा वर केला, आणि शांतपणे विचारलं की ही अक्षरं नेसल्यावर कुठे येतील. अक्षरं निऱ्यांवर येणार होती, पायांशी. बसल्यावर अंगाखाली येणार होती. अक्षर कुठल्याही भाषेचं असो, ते पायाखाली आलं तर पाप लागतं, आणि गिऱ्हाईक ते दुकानदाराच्या माथी मारतं, असं ते म्हणाले. लहानपणी वहीला पाय लागला तर आम्ही ती कपाळाला लावायचो. संध्याकाळपर्यंत मी लंडनमधली सगळी नावं पुसली. मग लंडन आहे हे कळणार कसं, या प्रश्नावर शेठनी तोडगा काढला. साडीच्या डब्यावर लिहू.

राहिला जोड. छपाईची चौकट कापडावर पुढे पुढे ठेवत जातात. तिच्या वरच्या कडेला बाहेर पडलेली रेघ खालच्या कडेतून त्याच जागी आत आली पाहिजे, नाहीतर प्रत्येक चौकटीपाशी साडी तुटल्यासारखी दिसते. खऱ्या नकाशात रेघा कडेच्या आत संपतात, कारण गाडीला शेवटचं स्टेशन असतं. शेवटची स्टेशनं असली की मध्ये मोकळं कापड दिसतं, आणि मोकळ्या कापडाचे पैसे कुणी देत नाही, हा शेठचा सिद्धान्त. मी शेवटची स्टेशनं काढून टाकली आणि रेघा कडांपर्यंत नेल्या. आता उत्तरेला निघालेली गाडी दक्षिणेकडून आत येत होती. एका लंडनमधून निघून दुसऱ्या लंडनमध्ये, तिथून तिसऱ्या, अशी साडेपाच मीटर.

हे सगळं होईतो मे उजाडला होता. प्रत्येक बदलाला नवी ट्रेसिंग, प्रत्येक ट्रेसिंगनंतर शेठचं नवं मत. डोळे चुरचुरत. घरी आलो की बायको काही विचारायची आणि मी मान हलवायचो.

साडी मार्केटमध्ये आली ती समारंभानं. शेठनी पुन्हा कोट घातला. त्यांच्या तिथल्या दुकानाला झेंडूची तोरणं, आलेल्यांना केशराचं दूध, आणि मध्ये काचेच्या कपाटात तो मूळ नकाशा, फुलं वाहिलेला. शेठनी भाषण केलं, त्यात गाडी चारदा बदलली. माझी ओळख त्यांनी आमचे आर्टिस्ट, जे लंडनला न जाता लंडन जाणतात, अशी करून दिली. टाळ्या झाल्या. खरं सांगायचं तर ऑर्डरीही आल्या. शेठ मला बाजूला घेऊन म्हणाले, क्वार्टरला चुना मारायला सांगतो.

पंधरवड्याच्या आत त्याच मार्केटच्या वरच्या मजल्यावर आमची नक्कल आली. कापड पातळ, भाव उतरलेला, आणि लाइनी चारच. आमच्या नकाशात जी चूक मी घाईत केली होती, एका वळणाशी रेघ किंचित जाड झाली होती, ती तिथेही तशीच होती. आमच्या ऑर्डरी तिकडे गेल्या. लोकांना नीतिमत्ता राहिली नाही, असं शेठ दुःखानं म्हणाले. त्यांच्यामागे काचेच्या कपाटात लंडनचा नकाशा होता.

भेस्तानचं क्वार्टर त्यांनी संगणकावर डिझाइन काढणाऱ्या नव्या माणसाला दिलं. चुना मारून झालेला होता. मला त्यांनी डागी निघालेल्या लंडनचा एक तुकडा दिला, घरच्यांसाठी म्हणून.

तो तुकडा बायकोनं खोलीत जमिनीवर अंथरला, खिडकीला पडदा होतो का बघायला. भिंतीपलीकडे माग चालू होते. ती उकिडवी बसली आणि लाल रेघेवरून बोट नेऊ लागली. मी तिला एवढे दिवस काय करतोय हे नीट सांगितलंच नव्हतं. आता सांगितलं, तिच्या डाव्या कानाशी जाऊन, की या गाड्यांच्या लाइनी आहेत, गोल म्हणजे स्टेशनं.

“हाई गाडी कोठे जास?”

मी दाखवलं. वर जाते, इथे बाहेर पडते, मग खालून आत येते. परत वर जाते. तिचं बोट माझ्या बोटामागून कापडाच्या टोकापर्यंत आलं, थांबलं, आणि खाली जाऊन पुन्हा निघालं. असं तिनं दोनदा केलं.

“मंग उतरनं कोठे?” ती म्हणाली.

ती चेष्टा करत नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. उत्तर माझ्याकडेच असायला हवं होतं, कारण शेवटची स्टेशनं मीच पुसली होती. शाळा उघडायला थोडेच दिवस उरले होते.

दुसऱ्या दिवशी शेठना अमळनेरला जातोय म्हणून सांगितलं. त्यांना वाईट वाटलं, किंवा त्यांनी तसा चेहरा केला. “गाममां जईने शुं करशो?” त्यांनी विचारलं. फुलदाण्या, मी म्हणालो. त्यांनी ऐकलं नाही. फोन वाजत होता.

उधन्याहून गाडीत बसलो तेव्हा सामान फार नव्हतं. तो तुकडा बायकोनं पातेली बांधायला वापरला होता. तिला त्या लाइनीची स्टेशनं पाठ होती: बारडोली, व्यारा, नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा. प्रत्येक आलं की ती नाव घ्यायची, इतक्या मोठ्यानं की समोरची बाई दचकायची. त्या बाईला वाटलं असेल, आम्ही भांडतोय. अमळनेर आलं आणि आम्ही उतरलो.

शाळेची नोकरी मला वाटली होती तशीच निघाली. फुलदाणी, डावीकडून सावली. घर गावाच्या कडेला होतं, मागे गुरं बांधायचा वाडगा, दुपारी आवाज म्हणजे कबुतरांचा. बायकोचा उजवा कान डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे गेला तो गेलाच. डावा राहिला. तिचा आवाज मात्र हळूहळू खाली आला. शेजारणी तिला हातानं खुणावत, आणि ती ओशाळून हसायची. पावसाळा सरेपर्यंत ती इतर बायकांसारखी बोलू लागली.

दिवाळीच्या सुटीत मेहुणा आला होता. मी ओसरीवर पेपर वाचत होतो, तो समोर बसला होता. थोड्या वेळानं त्यानं माझ्या हातातला पेपर खाली केला आणि आत बोट दाखवलं. ताई तुम्हाला कधीची चहाला हाक मारतेय, तो म्हणाला, तीनदा मारली.

मी आत बघितलं. ती दारात उभी होती, हातात कप. तिचे ओठ हलले, आवाज माझ्यापर्यंत आला नाही. मी उठून जवळ गेलो.