मामा कोण?

आजही कुणी ‘मामा’ अशी हाक मारली की मला दिल्लीतल्या मयूर विहारची ती केस आठवते.

मी तेव्हा तिथल्या पोलीस ठाण्याचा प्रमुख होतो. खबर दिली एका मराठी बाईंनी. "साहेब, समोरच्या फ्लॅटमध्ये तीन आफ्रिकन बायका राहतात, मुलं मात्र ढीगभर! बाप एकाचाही दिसत नाही. काहीतरी गडबड आहे, बिल्कुल."

मुलांच्या तस्करीचा संशय होता, म्हणून लगेच गेलो. लहान मुलांना ठाण्यात आणत नाहीत, तेव्हा साध्या कपड्यातल्या महिला उपनिरीक्षकाने तिथेच चौकशी सुरू केली. मुलांची आडनावं बायकांशी जुळेनात. सर्वांत धाकटी मुलगी मात्र गल्लीत शिकलेल्या हिंदीत धीटपणे बोलत होती.

"तुम्हें यहाँ कौन लाया?"

"मामा लाया."

"खाना कौन देता है?"

"मामा."

झालं! टोळीचा म्होरक्या सापडला, असं आम्हाला वाटलं. "कहाँ है मामा?" मी दरडावलं. "घर में," पोरगी म्हणाली. आम्ही पलंगाखाली पाहिलं, न्हाणीघर पाहिलं, गच्चीही पालथी घातली. पुरुषाची चप्पलसुद्धा मिळाली नाही. बायका लपवाछपवी करताहेत, असं समजून मी मुलांना बालगृहात न्यायला गाडी मागवली.

उपनिरीक्षकाने त्या पोरीला उचललं आणि तिने टाहो फोडला, "मामा! मामा!" तिचे दोन्ही हात त्या तिघींतल्या उंच बाईकडे होते.

"हमारी भाषा में मामा मतलब माँ, साहब," ती बाई रडत म्हणाली. "इसकी माँ मेरे साथ लड़ाई से भागी थी. यहाँ आकर मर गई."

तिघीही विधवा. जी पोरं मागे उरली, ती त्यांनी आपली मानली. मी गाडी थांबवली. निर्वासितांची कार्डं तपासली, ती खरी निघाली. पुढे बाल कल्याण समितीनेही मुलं त्यांच्याकडेच ठेवली.

समोरचा माणूस खोटं बोलतोय, असं ठरवण्याआधी तो कुठल्या भाषेत खरं बोलतोय ते बघावं, हे मी त्या दिवशी शिकलो. पण खरा धडा पुढेच होता. निघताना मी गमतीने त्या चिमुरडीला म्हणालो, "हमारे महाराष्ट्र में पुलिस को भी मामा कहते हैं."

तिने मला खालून वर न्याहाळलं. "फिर तुम खाना देता है?"

आर. के. पुरमच्या क्वार्टरवर पोचलो आणि बायकोला म्हणालो, "अगं, रविवारी मोठं पातेलं काढ."